नवे स्पीकर घ्यावेत की खोलीचं काम करावं?

सिस्टिम चांगली आहे, रोज ऐकणं होतं, थोडे पैसे बाजूला पडलेत आणि आता काय बदलावं असा प्रश्न पडलाय. वर्षभरापूर्वी मी इथेच होतो. ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि डॅक (डिजिटल गाण्याचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) बदलायचा विचार मी लवकरच बाद केला. 50 वॉटचा ॲम्प 100 वॉटचा केला तरी हाती लागतात जेमतेम 3 डेसिबल. मित्राचा महागडा डॅक आठवडाभर घरी होता, पण दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर ठेवून ऐकला तेव्हा कुठला चालू आहे ते मला ओळखता येईना. तुम्हाला कदाचित येईलही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

उरले दोन पर्याय : आत्ताचे बुकशेल्फ (छोटे, स्टँडवर ठेवायचे) स्पीकर काढून मोठे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे) घेणं, किंवा स्पीकर तेच ठेवून खोलीकडे लक्ष देणं.

माझी तक्रार एकच होती, डग्गा. मध्यलय तीनताल लावा. नवव्या मात्रेच्या ‘धा’नंतर ‘तिं तिं ता ता’ येतं, डग्गा मिटतो आणि ‘खाली’ (तालातला टाळी नसलेला भाग) आपोआप कळते. माझ्याकडे ती कळायचीच नाही. आधीच्या ‘धा’चा घुमारा ‘खाली’च्या मात्रांवर सांडत राहायचा. तबलजीने डग्ग्यावर घिस्सा घेतला (मनगट घासून सूर सरकवला) की मधला एकच सूर फुगून बाहेर यायचा, आणि त्या सुराला बरोबर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची मूठ थरथरायची. एकदा हे कानात बसलं की गाण्यात लक्ष लागत नाही.

फ्लोअरस्टँडर दुकानात फार आवडले. दुकानदाराने शनिवार-रविवार घरी ऐकायला दिले, हे त्याचे उपकारच. खरं सांगायचं तर त्यांनी जे दिलं ते माझ्या स्पीकरना जमत नाही. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खरज (सर्वांत खालचा सा) 69 हर्ट्झच्या आसपास येतो. बुकशेल्फवर तो असल्यासारखा वाटायचा, इथे तो खोलीत बसलेला होता. पुरुष गायकाच्या आवाजालाही वजन आलं. पण डग्गा आणखी फुगला. रविवारी संध्याकाळपर्यंत मी तबला नसलेल्या चिजाच शोधून लावत होतो, तेव्हा ते परत करायचं ठरवलं.

मग कागदावर गणित मांडलं. खोली 12 बाय 10 फुटांची. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट, 94 हर्ट्झला आवाज फुगणार. हा दुसरा आकडा डग्ग्याच्या मुलखातला. तो भिंतीला चिकटून सर्वांत जोरात ऐकू येतो आणि लांबीच्या पाव भागावर, म्हणजे भिंतीपासून 3 फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. माझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता.

सोफा 3 फूट पुढे ओढला. निम्मं काम तिथेच झालं, असं माझे कान सांगतात. माइक लावून मोजलेलं नाही. उरलेल्यासाठी सुताराकडून चार चौकटी करून घेतल्या, त्यात 4 इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलं, वर मांजरपाट ताणला आणि मागे मोकळी जागा सोडून त्या कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच, अंगाला फार खाज सुटते. सगळं मिळून 14 हजार रुपये लागले. अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम लावायच्या भानगडीत पडू नका. त्याने फक्त वरचे सूर मंद होतात, डग्गा आहे तिथेच राहतो.

तोटे आहेत. दिवाणखान्याच्या मध्ये आलेला सोफा आईला अजून पसंत नाही, त्यामुळे ऐकून झालं की मी तो मागे ढकलतो. कोपरेही अडले. आणि 47 हर्ट्झच्या फुगवट्याला या चौकटी फारसं काही करत नाहीत, तेवढी जाडी घरात मावणारच नाही. शास्त्रीय गाण्यात मला तो क्वचितच जाणवतो. तुम्ही इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत असाल तर जाणवेल.

तुमची खोली ऐसपैस असेल, सोफा भिंतीपासून लांब असेल आणि तरीही खालचे सूर कमी पडत असतील, तर मोठे स्पीकर हेच बरोबर असू शकतं. पण शहरातल्या फ्लॅटमधल्या नेहमीच्या खोलीत आधी दीड लाख स्पीकरमध्ये घालावेत असं मला वाटत नाही. माझ्याकडे स्पीकर तेच आहेत, आणि आता नवव्या मात्रेनंतर डग्गा थांबलेला ऐकू येतो. कपाटाची मूठही गप्प आहे.

फ्लोअरस्टँडरचा तो खरज मात्र अजून आठवतो. पैसे जमले की ते पुन्हा घरी मागवून ऐकणार आहे. तुम्ही दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ सोफा पुढे ओढून तीनताल ऐकून बघा.