जेवणानंतरची रक्तातली साखर: ज्वारीची भाकरी की भात?

आधी माप बघा. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि १२५ ग्रॅम शिजलेला भात, दोन्हींत कर्बोदके साधारण ३५ ग्रॅमच. म्हणजे ‘भाकरी चालते’ म्हणून तीन खाल्ल्या तर साखर चढणारच.

मग फरक कुठे? भाकरीत तंतू जास्त आणि ती चावावी लागते, त्यामुळे साखर हळू चढते. मात्र पीठ मैद्यासारखं बारीक दळलं की हा फायदा घटतो. गिरणीत जाडसर सांगा, चाळू नका. भात पटकन गिळला जातो, त्यातही इंद्रायणीसारखा चिकट भात लवकर पचतो. फ्रीजमध्ये रात्रभर गार केलेल्या भातातला थोडा स्टार्च सहज पचत नाही, साखर कमी चढते, म्हणून फोडणीचा भात किंचित बरा (ओट्यावर रात्रभर ठेवलेला मात्र नको, पोट बिघडतं).

भात सोडवत नसेल तर आधी कोशिंबीर, मग मटकीची उसळ, शेवटी एक वाटी वरणभात. उसळीऐवजी नुसती पातळ आमटी नको, तिच्यात डाळ कितीशी असते! जेवल्यावर १५ मिनिटं चाला.

एक दिवस भाकरी, एक दिवस भात खा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर दोन्ही दिवस साखर तपासा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर भात एकदम बंद केल्याने साखर खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.