रेनिसफ्यारा की ड्यूपालोन्ससांदुर?

आइसलँडमध्ये काळ्या वाळूचा एकच किनारा पाहायला वेळ असेल, तर बहुतेक जण वीक गावाजवळच्या रेनिसफ्यारालाच जातात. रेक्याविकपासून साधारण १८० किलोमीटर. तिथले बेसाल्टचे खांब ऑर्गनच्या नळ्यांसारखे एकाला एक चिकटून उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल, तर ओळख लगेच पटेल: लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब बनतात. पण इथला समुद्र दगाबाज आहे. चार लाटा गुमान परततात, पाचवी थेट खांबांच्या पायथ्याशी येते. इथे माणसं दगावली आहेत. वाटेवरचा इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरूच नका, फोटो गेला खड्ड्यात.

ड्यूपालोन्ससांदुर पश्चिमेला, स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर. खांबांचा तो थाट इथे नाही. वेड्यावाकड्या लाव्हाच्या भिंतींमधून पायवाट उतरते. पायाखाली वाळूपेक्षा गुळगुळीत काळे गोटेच जास्त (खिशात घालायला मनाई आहे!). १९४८ साली फुटलेल्या ‘एपाइन’ या ब्रिटिश मासेमारी जहाजाचं गंजकं लोखंड अजून तसंच विखुरलंय. शिवाय कोळ्यांची ताकद जोखायचे चार दगड आहेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे. २३वाला उचलून बघाच. लाटांचं भय इथेही आहे, पाण्यात जायचं नाही.

मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील, तर मी ड्यूपालोन्ससांदुरच निवडेन. एकटा असेन तर रेनिसफ्यारा, तेही भल्या सकाळी, बस यायच्या आत.