एसीचा कॉइल क्लीनर फोम: कुठे कामाचा, कुठे नाही

स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटसाठी मिळणारा हा फोम कॉइलवरची (जाळ्यांमागच्या, हवा थंड करणाऱ्या नळ्या-पत्र्यांवरची) धूळ आणि कुबट वास घालवायला खरोखर चांगला आहे. पण त्याला सर्व्हिसिंगचा पर्याय समजू नका.

आधी एमसीबी (बोर्डावरचा एसीचा मुख्य स्विच) बंद करा, नुसत्या रिमोटवर भागवू नका. जाळ्या काढून साध्या पाण्याने धुवा. कॉइलवर धुळीचा जाड थर असेल तर मऊ ब्रशने फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पट्ट्यांच्या) रेषेतच झाडा. आडवा ब्रश मारला की पातळ ॲल्युमिनियम वाकतं आणि हवा अडते. पीसीबीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची बाजू (बहुतेक युनिटमध्ये उजवी) प्लॅस्टिकने झाका, मग फोम वरून खाली मारा. १०-१५ मिनिटांत फेस विरतो आणि काळपट पाणी ड्रेन ट्रेमध्ये उतरतं. ते बाहेर पडतंय का, हे पाइपच्या टोकाशी जाऊन नक्की बघा. सुटलेला गाळ तिथे अडकला, तर पुढे भिंतीवरून पाणी ओघळायला लागतं. म्हणून शेवटी थोडं साधं पाणी सोडाच.

ब्लोअरच्या (हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या) पात्यांवरचा थर मात्र याने निघत नाही, आणि जाळ्या धुऊनही हवा कमी येत असेल तर दोष बऱ्याचदा तिथेच असतो. सगळं स्वच्छ असूनही कॉइलवर बर्फ धरत असेल, तर गॅसची गळती तपासून घ्या. गॅस वापराने संपत नाही. गळती न शोधता नुसता भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

घेताना लेबल वाचा: आम्ल नसलेला, ॲल्युमिनियमला चालणारा फोमच घ्या.