मिनी ट्रॅक्टरला मागे हायड्रॉलिक वाल्व बसवताय? आधी माझं हे वाचा

काटोल तालुक्यात आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. झाडं 6 बाय 6 मीटरवर. मिनी ट्रॅक्टर दोन ओळींमधून आरामात फिरतो, पण बुंध्याजवळचं गवत तसंच राहतं आणि निंदायला माणूस वेळेवर मिळत नाही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात गावातल्या वेल्डरला धरून मी एक अवजार बनवून घेतलं. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला जोडायची चौकट, तिच्या एका बाजूला आडवा हात, हाताच्या टोकाला वखराची पास. झाड आलं की हायड्रॉलिक जॅकने हात आत ओढायचा, झाड मागे पडलं की बाहेर सोडायचा. अवजार मनासारखं झालं. ट्रॅक्टरला मात्र मागे जॅक चालवायची सोयच नव्हती. जॅककडे दाबाचं तेल सोडायचा-थांबवायचा दोन लीव्हरचा वाल्व बाहेरून बसवावा लागणार होता, आणि तिथेच मला फसवलं गेलं.

ट्रॅक्टर पिकअपमध्ये टाकून नागपूरला नेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. दुकानदाराने काउंटरवर एक वाल्व ठेवला. मी थोडी माहिती काढून गेलो होतो, म्हणून विचारलं, "भाऊ, याले पॉवर बियॉन्ड आहे ना?"

"हाव ना, हे पाहा तिसरं तोंड. टेन्शन घेऊ नोका, दोन घंट्यात लावून देतो."

तोंड खरंच होतं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला.

हे पॉवर बियॉन्ड काय असतं ते नीट सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यातच झाली. आपल्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत इंजिन चालू असेपर्यंत पंपाचं तेल फिरत राहतं. नवा वाल्व पंप आणि लिफ्ट यांच्या मधे बसतो. साध्या वाल्वला जॅकची तोंडं सोडली तर दोनच तोंडं असतात: एकातून तेल आत येतं, दुसऱ्यातून टाकीकडे परत जातं. हे परतीचं तोंड कमी दाबासाठी बनवलेलं असतं. लिफ्टला तेल त्यातूनच दिलं, तर लिफ्टने वजन उचललं की सगळा दाब त्या परतीच्या बाजूवर उलटा येतो. आधी सील जातात, मग ब्लॉक, म्हणजे वाल्वचं अंगच. पॉवर बियॉन्डच्या वाल्वमध्ये लिफ्टचं तेल वेगळ्या तोंडातून पुढे जातं आणि टाकीचा पाइप स्वतंत्र राहतो. म्हणून जॅकचे पाइप सोडून वाल्वला तीन पाइप लागलेले दिसले पाहिजेत. दोनच दिसले तर मिस्त्रीचा पाना तिथेच थांबवा.

वाल्व, डबल वायरचे पाइप (आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेले), पाइप जोडायचे कपलर आणि मजुरी मिळून 21,000 ठरले. "पक्कं बिल घेतलं तं जीएसटी वरून लागन," असं तो म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. ही माझी चूक. मिस्त्रीने काम सुरू केल्यावर दुकानदार मला आग्रहाने चहाला घेऊन गेला. परत येतो तर वाल्व बसलेला, पाइपांवर काळ्या प्लास्टिकची गुंडाळी चढलेली. रंग तोच, लीव्हर तसेच. लिफ्ट वर-खाली झाली, जॅकही चालला. 15,000 यूपीआयने दिले, 6,000 रोख.

सहाव्या दिवशी लीव्हरच्या बुडाशी तेलाचा ओलावा दिसला. आठव्या दिवशी अवजार उचलून बांध ओलांडत होतो, तेव्हा मागून टक् असा आवाज आला आणि लिफ्ट खाली बसली. ब्लॉकला बोटभर चीर, त्यातून तेलाचा फवारा. भाचा हात लावून पाहायला निघाला होता, त्याला मी ओरडून मागे खेचला. दाबाचं तेल बारीक छिद्रातून सुईसारखं कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत हात सडतो. असं झालं तर दुखेपर्यंत वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. गळती शोधायची तर इंजिन बंद करा, लिफ्ट खाली टेकवा, दाब उतरू द्या. चालू मशीनवर पाहावंच लागलं तर लांबून पुठ्ठा धरा.

गावच्या मेकॅनिकने वाल्व खोलला. पाइप दोनच. फोटोशी ताडून पाहिलं, हा तो वाल्वच नव्हता. बोल्टच्या भोकाजवळ किल्लीने खरवडलं तर राखाडी रंगाखाली पिवळा निघाला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या मशीनवरून काढून रंगवलेला माल. पाइपांची गुंडाळी कापली तेव्हा ती का चढवली होती तेही कळलं. खाली छापलेली ओळ सिंगल वायरची होती. 3/8 इंचाचा सिंगल वायर पाइप 180 बार दाबाचा असतो, डबल वायर 330 बारचा. पैसे मी डबलचे मोजले होते.

जुन्या वाल्वमधला कचरा तेलात उतरला होता. बहुतेक ट्रॅक्टरांसारखं आमच्याही ट्रॅक्टरचं गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच, त्यामुळे सगळं तेल काढून नवं भरावं लागलं. तेल, फिल्टर, मजुरी धरून आणखी 11,000 गेले. कंपनीच्या डीलरने बाहेरचं काम पाहून हायड्रॉलिकची वॉरंटी नाकारली. पाऊस सुरू झाला तेव्हा बागेत गुडघाभर गवत होतं आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा.

दुकानात गेलो तर, "हा आमचा वाल्व नोहे, बिल दाखवा." 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथेही त्याने हेच सांगितलं. मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ट्रॅक्टर शेतीचा, म्हणजे धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरत नाहीत. माझ्याकडे काउंटरवरचा फोटो आहे, यूपीआयची नोंद आहे आणि फुटलेला वाल्व आहे. पक्कं बिल असतं तर त्याला नाही म्हणताच आलं नसतं.

दुसरा वाल्व मी दिवाळीनंतर घेतला, पक्क्या बिलावर, मिस्त्रीच्या शेजारी शेवटपर्यंत उभा राहून. फुटलेला ब्लॉक आणि कापलेले पाइप शेडमधल्या फळीवर ठेवले आहेत. आमच्या भागात कोणी असं काम करून घेणार असेल, तर आधी येऊन ते हातात घेऊन पाहून जा.