पिंटरेस्टवर नऊ महिने: माझ्या ब्लाउजांचा हिशेब

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ईमेल आला. पिंटरेस्ट म्हणजे फोटो शोधून जपून ठेवायचं अ‍ॅप, आणि तिथे टाकलेला एकेक फोटो म्हणजे पिन. ज्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅफिलिएट लिंक्स (त्यावरून कोणी काही घेतलं तर मला कमिशन) मी माझ्या पिनांना लावल्या होत्या, त्यांनी माझं खातं बंद केलं होतं. कारण काय, तर १८० दिवसांत निदान तीन विक्री व्हायला पाहिजेत आणि माझ्या झाल्या दोन. तोपर्यंत माझ्या पिना एकशे बारा होत्या. लटकन, कॅनव्हास, तयार डोरी, एकेका वस्तूची लिंक शोधून रात्री जेवणं आटोपल्यावर लावलेली. जमलेलं ११८ रुपये कमिशनही गेलं. रक्कम किरकोळ आहे हे मला कळतं, पण राग आला आणि अजून गेलेला नाही.

मी बेळगावात, वडगावला शिलाई करते. शेजारी मागांची खडखड, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्या मराठी, निम्म्या कन्नड. गेली काही वर्षं प्रत्येक जण मोबाइलवर फोटो घेऊनच येते. "असा मागचा गळा, अशी बाही." ते फोटो बहुतेक पिंटरेस्टवरचे. मग आपलेच ब्लाउज तिथे का टाकू नयेत, म्हणून गेल्या जुलैत बिझनेस खातं काढलं. त्याला पैसे लागत नाहीत.

आधीच सांगते, बघणाऱ्यांच्या आकड्यावर तिथे पैसे मिळत नाहीत. अमेरिकेतल्या क्रिएटरांसाठी, म्हणजे तिथे टाकणाऱ्यांसाठी, २०२१ मध्ये क्रिएटर रिवॉर्ड्स नावाची पैसे द्यायची योजना सुरू झाली होती, तीही २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाली. त्यामुळे जे काही मिळायचं ते पिनेच्या मागे लावलेल्या लिंकेतून. महिन्याच्या व्ह्यूजचा मोठा आकडा बघून मी पहिले दोन महिने खूश होते. त्याने पीठ येत नाही. बघायचा तो आउटबाउंड क्लिकचा आकडा, म्हणजे पिनेवरून तुमच्या पानावर किती जणी गेल्या.

आता त्या कमिशनच्या लिंकेबद्दल, कारण माझं सगळं तिथेच अडकलं. त्या दुकानाची लिंक चोवीस तास लक्षात ठेवते. बाईने आज क्लिक केलं आणि उद्यापर्यंत काही घेतलं तरच ते तुमच्या नावावर. आता आमच्याकडचं लग्नाचं ब्लाउज कसं शिवलं जातं ते बघा. दिवाळीत फोटो सेव्ह होतो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात, मग खडेबाजारात साडीखरेदी, मग महिना-दीड महिन्याने ब्लाउजपीस माझ्यासारखीकडे येतो, आणि लटकन घ्यायचं सुचतं ते सगळ्यात शेवटी, हळदीच्या चार दिवस आधी. तोपर्यंत माझी लिंक मला विसरून किती आठवडे झालेले असतात! पिंटरेस्टवर माणूस पुढच्या कामासाठी जपून ठेवायला येतो, आणि दुकानाला आजचं गिऱ्हाईक पाहिजे. हे दोन्ही एका धाग्यात ओवता येत नाही. सहा महिने मी तेच करत बसले होते. कोणी हे आधी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या, म्हणून इतकं लांबवून लिहिते आहे.

रागाच्या भरात खातंच काढून टाकणार होते. तेवढ्यात फेब्रुवारीत खानापूरहून एक बाई आली, मुलीच्या साखरपुड्याचं ब्लाउज घेऊन. मोबाइल पुढे केला, "आक्का, हे असं शिवून देताय काय?" बघते तर गुळेदगुड्डच्या खणाची माझीच बाही, माझ्याच खिडकीतल्या उजेडात काढलेली. तिला ते ठाऊक नव्हतं. तिने दुसऱ्याच कुणाच्या फोटोतल्या बाहीवर चौकट ओढून शोधलं होतं आणि माझी पिन समोर आली होती. पिन ऑगस्टातली. शिलाई झाली ६५० रुपये, म्हणजे सहा महिन्यांच्या कमिशनच्या साडेपाचपट, एका बाहीवर.

त्या दिवसापासून मी फोटो वेगळे काढायला लागले. फोटोचा एक भाग निवडून तसंच दुसरं शोधायची सोय पिंटरेस्टवर २०१५ पासून आहे, आणि कॅमेरा धरून शोधायचं लेन्स २०१७ मध्ये आलं. मी ते गिऱ्हाईक म्हणून वापरत होते, पण टाकणारी म्हणून त्याचा विचार कधी केला नव्हता. माझ्या सुरुवातीच्या पिना म्हणजे नऊ गळ्यांचा एकच कोलाज, वर गुलाबी अक्षरं. त्या जवळपास मेलेल्या आहेत. आता एका पिनेत एकच ब्लाउज, उभा फोटो, दोनास तीन मापाचा. मागे पांढरा धुतलेला पंचा, हँगर दिसू द्यायचा नाही. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी, कारण ट्यूबलाइटखाली खणाचा मोरपंखी निळा दिसतो आणि काठाची जर पांढरी पडते. बाहीचा काठ नीट सरळ यायला पाहिजे, शोधणारी चौकट ओढते ती तिथेच. मथळ्यात "पैठणी ब्लाउज मागचा गळा" असं साधं लिहिते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका झंपर म्हणतात, तोही शब्द एकदोन पिनांना दिला आहे, मनाला बरं वाटतं म्हणून.

आणि लिंकेला लावलं माझं स्वतःचं पेपर कटिंग, म्हणजे ब्लाउज कापायचा कागदी साचा. कटोरी, प्रिन्सेस कट आणि खणाची फुगा बाही, ३२ ते ४० मापाचं, पीडीएफमध्ये. घरच्या प्रिंटरवर ए-४ कागद काढायचे, चिकटवायचे आणि कापडावर ठेवून खडूने आखायचं. एकाचे ४९ रुपये, यूपीआयने. फुकटच्या ब्लॉगवर एक पान, तिथून मागणी येते.

यात एक चूक माझ्याकडून झाली. सोलापूरच्या एका ताईंचा फोन आला, मुंढा (बाही जोडायची गोलाई) अर्धा इंच कमी पडतोय. मी तीनदा टेप लावून बघितला, माझं बरोबर. शेवटी त्यांनी छापलेल्या कागदाचा फोटो मागवला, तेव्हा कळलं की प्रिंटरने पान बसवण्यासाठी सगळं थोडं लहान केलं होतं. त्यांचं अस्तर वाया गेलं, मी पैसे परत केले. आता पहिल्या पानावर दोन इंचाचा चौकोन काढते आणि लिहिते, "आधी हा टेपने मोजा, दोन इंच भरला तरच पुढची पानं छापा." त्यानंतर मुंढ्याची एकही तक्रार नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल मिळून एकसष्ट कटिंगं गेली, २,९८९ रुपये. घर चालेल इतके नाहीत. पण त्यातली बरीचशी जुन्या पिनांवरून गेली, ज्या मी श्रावणात टाकून विसरले होते. इन्स्टाग्रामवर माझी रील चार दिवसांत संपते, इथे ऑगस्टातली बाही अजून गिऱ्हाईक आणते. नव्याने सुरू करणार असाल तर सणाच्या दीड-दोन महिने आधी टाका. गुढीपाडव्याचे ब्लाउज मी यंदा मार्चात टाकले, तोवर बायकांनी दुसरीकडचे सेव्ह करून शिवायलाही दिले होते.

बंद पडलेल्या लिंक्स एकेक करून बदलते आहे. पिनेचं चित्र बदलता येत नाही, पण लिंक बदलता येते. एकशे बारातल्या सत्तेचाळीस उरल्या आहेत. रोज मशीनवर बसायच्या आधी तीन करते. त्या दुकानाने पुन्हा अर्ज करा म्हणून कळवलं आहे, मी केलेला नाही. फुगा बाहीचं ४२ चं कटिंग दोघींनी मागितलंय, ते आधी काढायचं आहे.