पद्मिनी तापते आणि पेट्रोलची वाफ होते: आधी पंखा बदलावा की पंप?

जुनी फियाट किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी चालवणाऱ्याला मे महिन्यात हा अनुभव हमखास येतो. एलबीएस रोडवर अर्धा तास रखडलं की गाडी गचके खायला लागते, बंद पडते आणि पाऊण तास स्टार्ट होत नाही. एक मिस्त्री सांगतो इलेक्ट्रिक पंखा बसवा, दुसरा म्हणतो इलेक्ट्रिक पंप लावा. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण इंजिन तापणं आणि पेट्रोलची वाफ होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पैसे कुठे घालायचे, ते गाडी बंद पडली तेव्हा टेंपरेचरचा काटा कुठे होता यावरून ठरवा.

काटा वर गेला असेल तर दुखणं पाण्याचं. काटा मध्यावर असताना गाडी मेली तर पेट्रोलकडे बघा. एसी पंप (इंजिनवर बसवलेला, इंजिनच चालवतं तो मूळ पेट्रोल पंप) आणि कार्बोरेटरच्या मध्ये पारदर्शक फिल्टर असेल तर काम सोपं होतं: आत नुसते बुडबुडे दिसले की व्हेपर लॉक, म्हणजे वाफेने पेट्रोलची वाट अडवली. फिल्टरमध्ये पेट्रोल आहे पण प्लगला करंट येत नाही, तर इग्निशनचा कंडेन्सर बदला. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर अगदी व्हेपर लॉकसारखाच वागतो, आणि तो पंखा-पंपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आता पंखा. मूळ पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच तो फिरणार. सिग्नलला आयडलिंगवर हवा सर्वात जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच ती सर्वात कमी मिळते. इलेक्ट्रिक पंखा उभ्या गाडीतही पूर्ण वेगाने फिरतो, त्यामुळे कागदावर तोच जिंकतो. पण तुमच्या गाडीत डायनॅमो आहे की अल्टरनेटर, ते आधी बघा. डायनॅमो आयडलिंगवर जेमतेम चार्ज देतो. जुलैतल्या संध्याकाळी सायन सर्कलला हेडलाइट आणि वायपर चालू, त्यात आठ-दहा अँपिअर ओढणारा पंखा! बॅटरी उतरायला वेळ लागत नाही. डायनॅमोच्या गाडीला मी इलेक्ट्रिक पंखा सुचवणार नाही. अल्टरनेटर असेल तर रिले आणि वेगळा फ्यूज टाकून खुशाल बसवा.

मात्र कुठलाही पंखा घेण्याआधी रेडिएटर. गाडी चांगली गरम झाली की इंजिन बंद करा, पंखा थांबला आहे ना ते बघा, हाताला फडकं गुंडाळून कोअरवर, म्हणजे रेडिएटरच्या जाळीवर, ठिकठिकाणी टेकवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. इतकं साचलेलं नुसत्या फ्लशिंगने निघत नाही. रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करावी लागते किंवा नवा कोअर. सोबत पंख्याभोवती श्राउड, म्हणजे आवरण, लावून घ्या, म्हणजे पंखा ओढतो ती हवा कोअरमधूनच येते. माझ्या मते बऱ्याच गाड्यांचं काम इथेच होतं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका. गाडी तापते तेव्हा चांगला थर्मोस्टॅट उघडलेलाच असतो, काढून फरक काय पडणार? अडकलेला असेल तर नवा टाका.

पेट्रोलच्या बाजूला घोळ जास्त आहे. एसी पंप गरम इंजिनला चिकटलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि वाफ आणखी लवकर होते. टॅक्सीवाले पंपावर ओला फडका टाकायचे तो यासाठीच. त्यात आता 20 टक्के इथेनॉल. ते मिसळल्याने मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि जुने रबर पाइप, पंपाचा डायाफ्राम खराब होतो. चिरलेल्या पाइपातून हवा ओढली गेली तरी लक्षणं तीच. म्हणून इथेनॉलला टिकणारे पाइप आणि डायाफ्राम किट आधी बदला, कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारा मेन जेटही तपासून घ्या.

यानंतरही त्रास उरला तर दोन वाटा. पहिली: कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड बेकलाइटचा पॅकिंग तुकडा, एक्झॉस्टकडून पत्र्याची आड आणि टाकीपर्यंत बारीक छिद्राची रिटर्न लाइन, म्हणजे वाफ परत टाकीत जाते. गाडी मूळ रूपात राहते, वायरिंगला हात लागत नाही. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हपर्यंत जाणाऱ्या गाडीला एवढं पुरे.

दुसरी: टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. तो पेट्रोल मागून ढकलतो, नळीत दाब राहतो, वाफ होणं अवघड जातं. भर उन्हात बोरघाट चढायचा असेल किंवा गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर मी हाच घेईन. पण कार्बोरेटरचा, दोन ते चार पीएसआय दाबाचाच पंप मागा. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी इंजेक्शनच्या गाडीचा पंप ‘चालतो साहेब’ म्हणून पुढे केला तर घेऊ नका. तो त्याच्या दहापट दाब देतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडतं. जुना एसी पंप मध्ये ठेवू नका, डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तो काढून जागेवर पट्टी बसवा. आणि ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद करणारा स्विच त्याच दिवशी जोडून घ्या, कारण अपघातात इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ओतत राहतो.