अ‍ॅम्बेसेडरच्या सीट काढल्या, गळती शोधली, गंज खरवडला: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी मार्क फोर अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. उन्हाळ्यात सगळ्या सीट काढून फ्लोअरचं काम केलं, आणि मग अख्खा पावसाळा नि कापसाचा हंगाम गाडी रोज वापरली. मुद्दामच इतके महिने लिहिलं नाही. काम झाल्या झाल्या रेड ऑक्साईडच्या (गंज रोखणाऱ्या लाल रंगाच्या) वासात कोणतीही गाडी नवीच वाटते, खरं काय ते पाणी पडल्यावर कळतं.

आधी निकाल सांगून टाकतो. काचेचं नि दाराचं रबर बदलणं: सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा. पत्रा वेल्डिंग: खर्चिक, पण त्याला पर्याय नाही. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं औषध): कामाची वस्तू, पण बाटलीवर लिहिलेलं निम्मंच खरं धरा.

तक्रार साधी होती. पाऊस आला की डाव्या बाजूला पुढच्या माणसाचे पाय ओले, आणि गाडीत ओल्या पोत्याचा वास. गावातल्या डेंटरनं मॅटचा कोपरा उचलून बोट दाबलं तर बोट आत गेलं. म्हणाला, "पत्रा कुठं राह्यला भाऊ, पापड झाला हा. सीट काढल्याबिगर काई समजनार नाही." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं.

मागच्या सीटची गादी उचलली की निघते, पाठ थोडी कुरकुर करते. खरी कुस्ती पुढच्या बाकासारख्या सीटशी. तिचे बोल्ट फ्लोअरमधून खाली जातात, आणि खालच्या बाजूला वर्षानुवर्षं काळी माती बसून नट-बोल्ट एकजीव झालेले. माती पाण्यानं भिजवून खरवडली, तारेचा ब्रश मारला, डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. काही निघाले, उरलेले छिन्नीनं तोडावे लागले. गॅसच्या ज्योतीनं नट तापवायचा मोह सीट गाडीत असताना अजिबात करू नका. आत काथ्याची गादी असते, तिला ठिणगी पुरते.

सीटखाली काय निघालं? सरकी, लग्नाच्या अक्षता, उंदरांनी कापूस नि काथ्या ओढून केलेलं घरटं, आणि मागच्या सीटखाली खताचे लालसर खडे. ते खडे बघितल्यावर अर्धं कोडं सुटलं. आमच्याकडे अ‍ॅम्बेसेडर म्हणजे अर्धी जीप. पेरणीच्या दिवसांत तिच्यातून युरिया, डीएपी, लाल पोटॅश सगळं आलं. हे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊ. सांडलेलं खत हवेतली ओल धरतं आणि पत्र्यावर बसून राहतं. बरोबर त्या पोत्यांच्या जागी पत्रा चाळणी झाला होता.

उरलेलं अर्धं कोडं बोअरच्या पाण्याचं. लोक म्हणतात, विदर्भात कसला गंज, समुद्र कुठं नि आपण कुठं. पण पूर्णेच्या खोऱ्यात समुद्र जमिनीखालीच आहे. ज्या पाण्यानं डाळ शिजत नाही, त्याच पाण्यानं आम्ही वर्षानुवर्षं गाडी धूत आलो. उन्हात पाणी उडून जातं, मीठ सांध्यात राहतं. आता धुणं फक्त नळाच्या पाण्यानं, नाहीतर पावसाळ्यात टाकी भरून ठेवलेल्या पागोळ्यांच्या पाण्यानं. या बदलाला एक रुपया लागला नाही.

गळती शोधायला सीट काढलेली गाडी फार सोयीची. फ्लोअर कोरडा करून वर्तमानपत्रं पसरली, मुलाला टॉर्च घेऊन आत बसवलं आणि बाहेरून पाइपानं पाणी सोडलं, खालून सुरुवात करत हळूहळू वर. एकदम टपावर पाणी ओतलं तर सगळीकडूनच येतं आणि काहीच समजत नाही. तीन ठिकाणं सापडली. वायपरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं रबर चिरलेलं. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात दगडासारखं कडक. आणि तिसरं डावं दार, ज्याचा मला संशयही नव्हता.

दाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं लोक उगाच बीडिंगवर बीडिंग (दाराच्या कडेची रबरपट्टी) बदलत बसतात. खिडकीच्या काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आमच्या दाराची भोकं मातीनं लिंपलेली, त्यात आतल्या पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद आधीच्या कुठल्याशा मिस्त्रीनं काढून परत लावलाच नव्हता. पाणी दारात साठायचं आणि पॅनलमधून पायाशी यायचं. भोकं सळईनं मोकळी केली, जाड प्लास्टिक कापून चिकटवलं. चारही दारांचं हे काम एका सकाळी झालं.

काचेचं रबर काढलं तेव्हा खालची पत्र्याची कड तपकिरी झालेली होती. ती साफ करून, प्रायमर मारून मगच नवं रबर बसवलं. खाचेत नायलॉनची दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकानं काच दाबायची आणि आतून दुसऱ्यानं दोरी ओढायची. घाई करणाऱ्यानं या कामाला हात लावू नये. सीलंट (फटी बुजवायची पेस्ट) घेताना मात्र नाक वापरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला स्वतःच गंज लावतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा, किंवा पॉलियुरेथेन घ्या.

वेल्डिंगचं थोडक्यात. अ‍ॅम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीवरच सगळा भार. त्यामुळे फ्लोअरवर फायबरचं ठिगळ किंवा लांबी (पुट्टी) भरून वरून काळा रंग मारणं ही निव्वळ फसवणूक, कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी. पुढच्या चाकांचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळया) फ्लोअरखालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या पट्टीला, अडकतात, तिथला पत्रा तर ठोकून ठोकून तपासा. आमचा तिथं शाबूत होता. दाराखालची पोकळ पेटी एका बाजूनं कापावी लागली. दाराच्या चौकटीत आधी लोखंडी अँगलचा आधार वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता टॅक केला, नाहीतर नंतर दार लागत नाही. बॅटरीची वायर काढली आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली. डेंटर हसला, पण टाकी उतरवली.

आता कन्व्हर्टर. यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिड गंजाशी जुळून कडक थर तयार करतं. टॅनिकवालं काळं पडतं, मी तेच वापरलं. पापुद्रे खरवडून घट्ट, पातळ गंज उरला होता तिथं मारलं, वर प्रायमरचे दोन हात दिले. ते अजून जसंच्या तसं आहे. जिथं खड्डे खोल होते, मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला, तिथं पोळ्यापर्यंत तपकिरी ठिपके वर आले. भोक बुजवणारं औषध ते नव्हे. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात मारू नका, काम करायच्या आधीच सुकून जातं. पहाटे मारलं तेच टिकलं.

पोकळ पेट्यांत जुने लोक जळकं ऑईल सोडतात. मी मेणाचा स्प्रे मारला. ऑईलनं गंज थांबतो यात वाद नाही, पण ते झिरपत दाराच्या रबरापर्यंत आलं की रबर फुगतं. नव्या रबरावर खर्च करून शेजारी जळकं ऑईल सोडणं मला पटलं नाही. काकांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात, "तुले पैसे जास्त झाले."

पावसाळ्यात काय झालं? पाय कोरडे. वास गेला. मॅटखालचा जुना फेल्ट नि जूट परत घातलेलाच नाही, नुसती उचलता येणारी रबरी मॅट. त्यामुळे आवाज वाढला, विशेषतः डांबर उखडलेल्या रस्त्यावर. कोणाला शांत गाडी हवी असेल तर हा सौदा त्याला आवडणार नाही. सीटचे नवे बोल्ट ग्रीस लावून बसवले होते, दिवाळीला एकदा सीट काढून पाहिली तर रिंग पान्यानं सहज सुटले.

एक सुचवणं: रबर पावसात तपासू नका, मृगाच्या आधी तपासा. आमच्याकडे रबर मरतं ते उन्हानं, पाऊस फक्त दाखवून देतो. मेच्या शेवटी नखानं दाबून बघा, खूण तशीच राहिली किंवा चीर दिसली तर बदला.

डिकी मात्र अजून गळते. अकोल्यातून आणलेलं रबर जाड निघालं, झाकण लागतच नाही. जुनंच परत चिकटवलंय आणि स्टेपनीखाली पोतं टाकलंय. अमरावतीच्या एका जुन्या दुकानात मापाचं मिळेल असं कळलंय, तूर निघाली की जाऊन येतो.